‘मुस्तफा’ गेम फोनवर खेळायचाय? एपीके डाउनलोड करण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला धाडहून फोन आला. धाड म्हणजे बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या शिवेजवळचं मोठं गाव. फोन करणारा ओळखीतला, बारावीतला पोरगा. त्याचे काका सुट्टीला आले होते आणि जेवताना विषय निघाला जुन्या व्हिडिओ गेमचा. बुलढाण्याला शाळा बुडवून एक रुपयाच्या नाण्यात ‘मुस्तफा’ कसा खेळायचो, पिवळ्या टोपीवाला पळत येऊन लाथ कशी मारायचा, हे काकांनी हातवारे करून सांगितलं. पोरगं पेटलं. त्याने लगेच ‘मुस्तफा गेम डाउनलोड’ असं सर्च केलं आणि पहिल्याच साइटवर मोठं हिरवं बटन होतं, ते दाबलं.

फाइल आली. फोन म्हणाला, अनोळखी ठिकाणाहून ॲप इन्स्टॉल करायची परवानगी द्या. दिली. ॲप उघडलं. गेम दिसायच्या आधीच त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ चालू करा म्हणून स्क्रीन आली, तिथे मात्र तो थांबला.

“भाऊ, फोन पप्पाचा हाय. सोयाबीनचे पैसे परवाच खात्यात आले. आता काय करू?”

त्याला जे करायला सांगितलं ते खाली येतंच आहे. आता याच क्षणी तुमच्याबाबतीत असं काही झालं असेल, तर सरळ ‘चुकून इन्स्टॉल झालंय?’ या भागावर जा. बाकीचं निवांत वाचा.

मुस्तफा हे गेमचं नाव नाहीच

आपल्याकडे ज्याला सगळे मुस्तफा म्हणतात, त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 1993 मध्ये काढला. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली. भविष्यातली पृथ्वी, माणसं पुन्हा डायनासोरसोबत राहतायत, आणि काही टोळ्या त्या प्राण्यांची शिकार करतायत. तुम्ही त्या टोळ्यांना बडवत पुढे जायचं. एकूण आठ टप्पे, शेवटी डॉक्टर फेसेंडेन.

खेळायला चार पात्रं: जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि मेस. जॅक सगळ्यात थोडा थोडा बरा, मेस ताकदीचा पण जड, हॅना वस्तू आणि शस्त्रं वापरण्यात हुशार, आणि मुस्तफा सगळ्यात चपळ. एकाच मशीनवर तिघे जण एकत्र खेळू शकत. आता विचार करा, खिशात एक रुपया आहे आणि मागे चार पोरं ‘झालं का तुझं?’ म्हणत उभी आहेत. अशा वेळी जो जोरात पळतो आणि पळता पळता लाथ मारून तिघांना आडवं करतो, तोच निवडणार ना? शिवाय सगळ्या नावांत तोंडात बसणारं नाव तेवढं एकच. म्हणून गल्लोगल्ली गेमचंच नाव मुस्तफा पडलं. ‘मेस ओब्रॅडोविच लावतो का?’ असं कोण म्हणणार होतं!

बटनं दोनच. एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की गोल फिरून सगळ्यांना उडवणारा वार, पण त्यात स्वतःचीही थोडी ताकद जाते. दांडा एका दिशेला दोनदा पटकन ढकलला की पळणं. हे लक्षात ठेवा, कारण फोनवर सगळी बोंब इथेच होते.

मग हा प्ले स्टोअरवर अधिकृत का नाही?

साधं उत्तर: कॅपकॉमने तो मोबाइलसाठी कधी काढलाच नाही. मोबाइल सोडा, हा खेळ घरच्या कुठल्याही कन्सोलवरसुद्धा आला नाही. सेगा सीडीवर 1994 मध्ये याच नावाचा एक खेळ आला होता, पण तो वेगळाच, गाडी चालवत गोळ्या मारायचा.

कारण हक्कांच्या गुंत्यात आहे. खेळ कॅपकॉमचा, पण गोष्ट आणि पात्रं कॉमिकवाल्याची, आणि कॅडिलॅक हा तर जनरल मोटर्सच्या गाडीचा ब्रँड. पुन्हा विकायचा तर सगळ्यांशी नव्याने करार करावा लागणार. कॅपकॉमने 2018 मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांचा एक संच काढला. त्यात फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे, नाइट्स ऑफ द राउंड आहे, पण मुस्तफा नाही. तसाच अडकलेला दुसरा खेळ म्हणजे मार्व्हलच्या पात्रावरचा ‘द पनिशर’. तो मात्र 2024 मध्ये मार्व्हलसोबतच्या एका संचात परत आला. म्हणजे अशी गाठ सुटू शकते. मुस्तफाची अजून सुटलेली नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच: प्ले स्टोअरवर असो की बाहेर, ‘मुस्तफा गेम ओरिजिनल’ नावाचं कुठलंही ॲप ओरिजिनल नाही. कोणीतरी तिसऱ्याच माणसाने ते बांधलंय. तो माणूस कोण, त्याला यातून काय मिळतं, हे आपल्याला माहीत नसतं. बऱ्याचदा त्याला फक्त जाहिरातींचे पैसे हवे असतात: दर दोन मिनिटांनी जाहिरात, तिचा फुलीचा बारका खूण-कोपरा, तुम्ही वैतागता आणि काढून टाकता. पण कधी कधी त्याला तुमचे ओटीपी हवे असतात.

आत काय असतं: इम्युलेटर आणि रॉम

तीस वर्षांपूर्वीच्या लाकडी मशीनचा खेळ फोनवर चालतो तरी कसा, हे एकदा समजून घ्या. मग खोटं ॲप ओळखणं सोपं जातं.

त्या मशीनच्या पोटात एक मोठा सर्किट बोर्ड असायचा. त्यावर मोटोरोला 68000 नावाचा प्रोसेसर, आवाजासाठी झेड 80 जातीची वेगळी चिप, आणि काही मेमरी चिप ज्यांत खेळाचा प्रोग्रॅम, चित्रं आणि आवाज कायमचे भरलेले. अशा चिपला रॉम म्हणतात. त्या चिपमधला मजकूर जसाच्या तसा काढून घेतलेली फाइल, तिलाही लोक आता रॉमच म्हणतात.

तुमच्या फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा. त्याला 68000 ची भाषा कळत नाही. इम्युलेटर हा दोघांमधला दुभाषी. तो रॉममधली एकेक सूचना वाचतो, ‘जुन्या मशीनने इथे काय केलं असतं?’ ते ठरवतो आणि फोनकडून तेच करवून घेतो, तेही सेकंदाला सुमारे साठ चित्रं पडद्यावर येतील इतक्या वेगाने. जुना प्रोसेसर दहा-बारा मेगाहर्ट्झचा होता, आणि आजचा स्वस्तातला फोनही एक-दोन गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे शेकडो पट. त्यामुळे दुभाष्याची मेहनत धरूनसुद्धा हे सहज जमतं. ‘माझा फोन जुना आहे, चालेल का?’ हा प्रश्नच या खेळांसाठी विचारू नका.

या कामाची सुरुवात मोठी छान आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी 1997 मध्ये ‘मेम’ नावाचा इम्युलेटर सोडला. हेतू फुकट खेळणं नव्हता, तर ही मशीनं नष्ट होण्याआधी ती आतून कशी चालत होती त्याची नोंद ठेवणं हा होता. आणि ती भीती खरी होती. मुस्तफाच्या अस्सल बोर्डावर आवाजाच्या चिपसाठी एक गुप्त किल्ली असते, ती एका बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी. नकलेपासून बचाव म्हणून केलेली ही व्यवस्था आज अस्सल बोर्डांच्याच मुळावर आली आहे.

तर, इम्युलेटर आणि रॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेट्रोआर्कसारखे इम्युलेटर प्ले स्टोअरवर उघडपणे मिळतात, आणि ॲपलनेही एप्रिल 2024 मध्ये नियम बदलल्यापासून आयफोनवर येऊ लागलेत. ते स्वतः कुठलाही कॅपकॉमचा खेळ सोबत देत नाहीत. रॉमवर मात्र कॉपीराइट असतो, आणि 1993 च्या खेळाचा तो अजून संपलेला नाही. ‘कंपनी विकतच नाही, मग घेतला तर काय बिघडलं?’ हा युक्तिवाद ऐकायला पटतो. मलाही पटतो कधी कधी. पण आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असं काही लिहिलेलं नाही. उलट कलम 63 ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून तो प्रोग्रॅम वापरणं हा गुन्हा आहे. पोलीस तुमच्या दारात येतील असं मी म्हणत नाही. फुकट आहे म्हणजे मोकळं आहे असा गैरसमज नको, एवढंच.

आणि आता कामाची गोष्ट. मुस्तफाचा पूर्ण खेळ, आठही टप्प्यांची चित्रं आणि आवाज धरून, दहा एमबीच्या आत बसतो. त्याला नेट लागत नाही. त्याला कॅमेरा लागत नाही, कॉन्टॅक्ट लागत नाहीत, लोकेशन लागत नाही. इम्युलेटरला फार तर तुमच्या फोनमधली एक फाइल किंवा फोल्डर उघडायची परवानगी लागते. मेसेज वाचायची परवानगी मागणारा मारामारीचा गेम हा गेम नाही.

कुठली परवानगी म्हणजे धोक्याची घंटा

मेसेजची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्या ॲपला दिसतो. नोटिफिकेशन वाचायची परवानगी हा त्याच घरात शिरायचा मागचा दरवाजा, कारण ओटीपी नोटिफिकेशनमध्येही झळकतो. ‘इतर ॲपवर दिसण्याची’ परवानगी दिली की ते ॲप तुमच्या यूपीआय ॲपवर हुबेहूब तसाच खोटा पडदा टाकू शकतं, आणि तुम्ही पिन त्या खोट्या पडद्यावर टाकता.

सगळ्यात वाईट ॲक्सेसिबिलिटी. ही सोय खरं तर अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी आहे. त्यात ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटनंही दाबता येतात. चोराच्या हातात ती गेली म्हणजे फोन तुमच्या खिशात असून त्याच्या बोटाने चालतोय. म्हणूनच अँड्रॉइड 13 पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी द्यायला गेलं की फोन आधी ‘प्रतिबंधित सेटिंग’ म्हणून अडवतो. असल्या साइटवर मग ते अडवणं कसं काढायचं याचे व्हिडिओही असतात. गेम खेळायला फोनचं कुलूप तोडायला सांगणारा व्हिडिओ कोणी आणि का बनवला असेल, याचा थोडा विचार करा.

चुकून इन्स्टॉल झालंय?

त्या पोराला सांगितलं तेच, त्याच क्रमाने.

पहिलं, एअरप्लेन मोड चालू आणि वायफाय बंद. ॲपने काही वाचलं असलं तरी बाहेर पाठवायला रस्ता नको.

मग सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन ते काढून टाका. होम स्क्रीनवर चिन्ह दिसत नसलं तरी यादीत बघा, काही ॲप स्वतःला लपवतात. अनइन्स्टॉलचं बटन दाबलंच जात नसेल तर त्याने ‘डिव्हाइस ॲडमिन’ हक्क घेतलेले असतात. सुरक्षा सेटिंगमध्ये ते हक्क आधी काढा, मग अनइन्स्टॉल होतं. तरी नाही झालं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत आणि नोटिफिकेशन वाचणाऱ्या ॲपच्या यादीतही एकदा नजर टाका.

हे चालू असताना दुसऱ्या फोनवरून बँकेच्या अधिकृत नंबरला फोन लावा. नंबर पासबुकवर किंवा एटीएम कार्डच्या मागे असतो, गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर फिरतात. यूपीआय थोडा वेळ बंद ठेवायला सांगा. पैसे गेलेलेच असतील तर आधी 1930. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, तक्रार जितकी लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता यायची शक्यता जास्त. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही करता येते.

यूपीआय पिन आणि ईमेलचा पासवर्ड बदलायचा, पण फोन साफ झाल्यावर. आधी बदलला तर नवा पिनही त्याच चोराला दिसणार. मनात शंका राहिलीच तर फोटो दुसरीकडे काढून फॅक्टरी रीसेट मारा.

आणि हो, घरी सांगा. त्या पोराची सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच चालली होती. “पप्पा मारतीन” म्हणत अर्धा तास त्याने असाच घालवला होता. पप्पांना उठवलं, त्यांनी बँकेला फोन केला, खातं शाबूत होतं. बोलणी खावी लागली, ती किती ते त्याने सांगितलं नाही.

मग खेळायचं काय?

मुस्तफाची जागा दुसरं कोणी घेत नाही हे मान्य. पण जुन्या आर्केडची मजा सरळ मार्गानेही मिळते.

सगळ्यात सोपं, फुकट आणि काहीही इन्स्टॉल न करता: पॅकमॅन. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी बनवलेला हा खेळ मे 1980 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला. त्याच्या तिसाव्या वाढदिवसाला, 21 मे 2010 रोजी, गुगलने आपल्या नावाच्या अक्षरांचाच भुलभुलैया करून तो होमपेजवर टाकला. तो अजून आहे. गुगलवर ‘पॅकमॅन डूडल’ शोधा आणि ब्राउझरमध्येच खेळा.

आणि पॅकमॅनला पोरखेळ समजू नका. चारही भुतांची डोकी वेगळी चालतात. लाल भूत थेट तुमच्या जागेवर येतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा धरतं, म्हणून ते नेहमी समोरून आडवं येतं. निळं भूत लाल कुठे आहे आणि तुम्ही कुठे निघालात, दोन्ही बघून जागा ठरवतं, त्यामुळे त्याचा नेम लागत नाही. नारंगी लांबून चाल करून येतं, पण आठ घरांच्या आत आलं की घाबरल्यासारखं आपल्या कोपऱ्याकडे वळतं. मूळ खेळाच्या पहिल्या लेव्हलला सुरुवातीचे सात सेकंद सगळी भुतं आपापल्या कोपऱ्यात पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग, मग पुन्हा पांगापांग. सगळी एकदम उलटी फिरली की समजा मोड बदलला. हे कळल्यावर खेळणं बदलतं. पळणं संपतं आणि चकवणं सुरू होतं. एक युक्ती: वळण यायच्या जरा आधीच बोट त्या दिशेला ओढा. कोपऱ्यावर पॅकमॅन भुतांपेक्षा लवकर वळतो, आणि असं करून मागचं भूत हळूहळू लांब पडतं.

इम्युलेटरच चालवून बघायचा असेल तर मेमच्या स्वतःच्या साइटवर काही जुने खेळ मालकांच्या परवानगीने फुकट दिलेले आहेत. ‘रॉबी रोटो’ आणि ‘ग्रिडली’ ही त्यातली दोन. ग्राफिक्स बघून हसाल, पण सेटिंग शिकायला उत्तम. मुस्तफासारखी धडाकेबाज हाणामारी हवी आणि थोडे पैसे द्यायची तयारी असेल, तर एसएनके कंपनीचे मेटल स्लगसारखे जुने आर्केड खेळ प्ले स्टोअरवर अधिकृतपणे विकत मिळतात. त्यात जाहिरात नाही, एवढ्यानेच पैसे वसूल.

काचेवर दांडा नसतो

शेवटी काकांची गोष्ट. फोन साफ झाल्यावर त्यांना मेटल स्लग लावून दिला, तर दोन मिनिटांत “हे काय खरं नाही” म्हणून परत दिला. त्यांचं चुकलं नाही. खऱ्या मशीनचा दांडा मुठीत असतो, तो कुठे आहे ते बघावं लागत नाही. काचेवर अंगठा सरकत सरकत बटनाच्या बाहेर जातो आणि कळतही नाही. दोनदा पटकन ढकलून पळण्यासारखी चाल तर काचेवर दहातून चार वेळा फसते.

थोडे उपाय आहेत. पडद्यावरची बटनं सेटिंगमध्ये जाऊन मोठी करा आणि अंगठा आपोआप पडतो तिथे आणा. जुने खेळ जवळपास चौकोनी, चारास तीनच्या पडद्यासाठी बनलेत. ते ओढून फोनभर पसरवलं की सगळे बुटके आणि जाडे दिसतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, बटनं तिथेच ठेवा, म्हणजे अंगठ्याखाली खेळ झाकत नाही. ब्लूटूथ इअरफोन काढून ठेवा, त्यात आवाज उशिरा येतो, आणि अशा खेळात ठोसा आणि आवाज वेगळे पडले की हाताचा ताल जातो. आणि घरात कॉम्प्युटरचा जुना यूएसबी कीबोर्ड पडला असेल तर ओटीजी जोडणी घ्या, मोबाइलच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळते. बहुतेक फोन तिला ओळखतात, आणि रेट्रोआर्कमध्ये कुठली कळ कशासाठी हे तुम्हाला ठरवता येतं.

फोनवर आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे नाणं. इम्युलेटरमध्ये ‘कॉइन’ नावाचं बटन असतं, कितीही वेळा दाबा. मेलात की दाबा, पुन्हा चालू. अर्ध्या तासात खेळ संपतो आणि काही वाटतही नाही. हे खेळ नाणी गिळायलाच बनवले होते. दहापासून उलटी मोजणी सुरू झाली की खिसा चाचपणं हा त्याचाच भाग होता. म्हणून मी एक नियम पाळतो, एका बैठकीला एकच कॉइन.

धाडच्या घरात आता हाच नियम लागू आहे. ओटीजीला जोडलेला कीबोर्ड, एक कॉइन, मेला की फोन दुसऱ्याकडे. ग्रिडलीत सध्या काका पुढे आहेत.